नवा कम्प्यूटर पुन्हा बंद

४ जून, बुधवार

पुन्हा निळा स्क्रीन. पूजिता नावाच्या कुणा नवरीच्या लग्नाची फिल्म एडिट करत होते — पाठवणी, बाप तोंड फिरवून उभा — आणि सगळं निळं. खाली इंग्रजीत काहीतरी मेमरीचं. केलेलं काम गेलं.

नवा कम्प्यूटर! एकेक भाग मागवून मी स्वतः जोडलाय. तरुण, माझा धाकटा भाऊ, डब्लिनहून व्हिडिओ कॉलवर सांगत होता, तसा. अम्मा गेल्यापासून या घरात एवढं बोलणं झालंच नव्हतं.

स्टुडिओवाल्या गुरुराजांचा जयलक्ष्मीपुरमहून फोन — ‘मॅडम, शनिवारी पाहिजे बघा.’ आय्तु, देते म्हटलं. कसं देणार?

५ जून, गुरुवार

तरुणला फोन केला. लगेच उचलला. ‘अक्का, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून परत बसव. टक्क आवाज आला पाहिजे.’ बसवल्या. आला आवाज.

ठेवता ठेवता विचारलं त्यानं, ‘ऊटा आय्ता?’ झालं म्हटलं. जेवले नव्हते.

६ जून

टक्क आवाजाचा काही उपयोग नाही. दुपारी परत निळा.

७ जून, शनिवार

गुरुराजांना अर्धीच फिल्म दिली. ती बाजूला ठेवून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागले. तेच जास्त लागलं. पुढचं लग्न दुसऱ्या कुणाला देतील.

तरुणनं पेनड्राइव्हवर मेमरी तपासायचा प्रोग्रॅम घालायला लावला. फार वेळ चालतो तो. समोर खुर्ची घेऊन बसले. नुसते आकडे पळतात. ताटही तिथंच आणलं. मग एक लाल ओळ — मग भराभर लालच लाल. फोटो पाठवला.

‘सिक्तु, अक्का!’ सापडलं म्हणाला. केवढा आनंद झाला त्याला. मलाही झाला. चूक सापडली म्हणून, की तो हसला म्हणून — कोण जाणे.

८ जून, रविवार

एक पट्टी काढून दुसरी तपासली — ठीक. मग ती काढून पहिली — तीही ठीक. दोन्ही लावल्या की लाल. तरुण म्हणाला, पट्ट्या चांगल्यायत, पण त्यांच्या खोक्यावर लिहिलेल्या वेगानं दोन्ही एकदम चालवणं बोर्डाला झेपत नाही. सेटिंगमध्ये जाऊन वेग खाली आणला.

तपासणी चालू होती तोवर बोलत बसलो. अप्पांच्या शिवणाच्या दुकानात तो बटणं निवडता निवडता झोपायचा, ते आठवून हसलो.

९ जून

एकही लाल ओळ नाही. दिवसभर काम केलं, बंद पडला नाही. तरुणला कळवलं.

‘सुपर, अक्का. झालं मग.’ ठेवला फोन.

१२ जून, गुरुवार

फिल्म पुरी करून दिली. गुरुराज खूश. वरुणा गावाकडचं एक लग्न पाठवलंय. दिवसभर दुसऱ्यांच्या घरातल्या गर्दीत असते मी, हेडफोन लावून. काढला की रस्त्यावरच्या फॅक्टरीच्या बसचा आवाज, बाकी काही नाही. आज फक्त दूधवाल्याशी बोलले. आवाज फुटेना, घसा साफ करावा लागला.

१३ जून

तरुणला म्हटलं, परत बंद पडतोय.

का म्हटलं? कम्प्यूटर समोर चालू होता, चांगला. तो म्हणाला, ‘थांब, बघू.’ मग नसलेला बिघाड दोघं मिळून शोधत बसलो. दुपार छान गेली.

१६ जून, सोमवार

शनिवारी, रविवारी, आजही. हे बदल, ते बदल, तो सांगतो. मी हात न लावता ‘केलं’ म्हणते. आज म्हणाला, ‘ठरलं, नवी रॅम पाठवतो तुला.’

आता मात्र बेजारु वाटतंय, वाईट वाटतंय. कामातून वेळ काढतोय बिचारा, आणि मी अशी. उद्या खरं सांगणार.

१७ जून

सांगितलं. ‘तरुण, कम्प्यूटर ठीक आहे. आठवडा झाला. खोटं बोलले मी.’

तो मग म्हणाला, ‘अक्का, माझी नोकरी मार्चमध्येच गेली. कुणाला सांगितलं नाही. सकाळी उठलो की तुझा कम्प्यूटर बंद पडायची वाट बघतो.’