मम्मीचा ओव्हरटाइम

प्रिय सुजू,

सगळ्यात आधी कोण टपकलं असेल, ओळख! आपली शेजारची लता. हातात वाटी, म्हणे साखर संपली. साखर कसली, हिनं दोन मॅडम गल्लीत शिरताना बघितल्या होत्या ना! वाटी तशीच धरून पलंगावर बसली ती बसलीच.

चौथी शिकलेली तुझी आई पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. आज घरात जे झालं ते तुझ्याबद्दल होतं, मग तुला नको सांगायला?

त्या मॅडम ऑफिसातून चौकशीला आलेल्या. आईबाप नसलेल्या पोरांच्या खर्चाला सरकार महिन्याला पैसे देतं. पिऊसाठी मी अर्ज केलाय. तिचे पप्पा तू असतानाच गेले आणि मागून तू. दोघांच्या मृत्यूचे दाखले जोडलेत.

चार वर्षं काय करत होतीस, असं विचारशील. लाज वाटायची गं. आपल्याच नातीला जेवू घालायला पैसे मागायचे? पण हल्ली शेठकडून घरी आणलेल्या जीन्सचे धागे कापताना कात्री कापडालाच लागते. शेठ परवा म्हणाला, "अम्मा, पहले डॉक्टर को आँखें दिखाओ, फिर माल ले जाओ." मग गेले गुपचूप फॉर्म आणायला.

मोठ्या मॅडमनी पिऊला जवळ घेतलं. "बाळा, आई कुठंय तुझी?"

"ही काय!" कार्टीनं माझ्याकडं बोट केलं.

मॅडमचं पेन थांबलं. त्यात लता म्हणते, "हो हो, आईच आहे ती तिची!" काय करू या बाईचं? मी समजावलं, माझी पोरगी मला आई म्हणायची, ते ऐकून ही पण आईच म्हणते. मॅडम हसल्या. "बरं, मग मम्मी कुठंय?"

"मम्मी कॅम्प नंबर पाचला. जीन्सच्या कारखान्यात. ओव्हरटाइम आहे तिला."

सुजू, माझा चहा उतू गेला.

"आजी, ही म्हणते कामावर आहे. अर्जात लिहिलंय वारली. मी काय लिहू?"

काय सांगणार! तू गेलीस तेव्हा तीन वर्षांची पोर, संध्याकाळ झाली की उंबऱ्यावर जाऊन बसायची. एकदा तोंडातून निघून गेलं, मम्मीला ओव्हरटाइम आहे. त्या दिवसापुरतं म्हटलं होतं गं. दुसऱ्या दिवशी ती परत बसली, मी परत तेच म्हटलं. तू तर तिला सुई टोचायला नेताना पण आधी सांगायचीस, दुखणार आहे म्हणून. मला का नाही जमलं?

आणि तू पण काय घाई केलीस! निदान तिला काय सांगू, एवढं तरी सांगून जायचंस.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दाखला आहे, पण मुलीशी एकटीशी बोलल्याशिवाय रिपोर्ट पुढं जाणार नाही. आधी तिला खरं सांगा. आम्ही परत येतो."

त्या गेल्या. लतालाही साखर देऊन वाटेला लावलं. मग पिऊला पुढ्यात बसवलं. "पिऊ, मम्मीला ओव्हरटाइम नाही गं."

"माहितेय." पेन्सिलीला टोक काढत होती, मान पण वर केली नाही. "चार वर्षं कुणाला ओव्हरटाइम असतो का आई?"

"मग मॅडमना तसं का सांगितलंस?"

"तू समोर होतीस ना. खोटी पडली असतीस."

सात वर्षांची आहे गं तुझी लेक! मला रडू पण येईना, हसू पण येईना. तिलाच धरून बसले.

मग तिचं सुरू झालं. मम्मी चहात बटर बुडवायची का? मम्मी मारायची का? मम्मीला शिट्टी यायची का? म्हटलं, यायची की, दोन बोटं घालून! तेव्हापासून घरभर फू फू चाललंय. शिट्टी नाही, नुसती थुंकी उडतेय. किती दिवसांनी घरात तुझ्या गोष्टी निघाल्या! मला इतका आनंद झालाय, काय सांगू.

पैसे मंजूर होवोत न होवोत, तुला शब्द देते. तुझ्याबद्दल तिला यापुढं खोटं सांगणार नाही. आठवलं तर सांगेन, नाही आठवलं तर आठवत नाही म्हणेन. आणि डोळे दाखवून घेईन, अजून बरीच वर्षं तिला बघायचंय.

मॅडम गुरुवारी अकराला परत येतो म्हणाल्यात. पिऊशी एकटीशी बोलतील. मी लताकडं जाऊन बसेन.

तुझी आणि आता पिऊचीही,
आई