केटचा क्लोक

१९ डिसेंबर
केटने किचनमध्ये विचारलं, रविवारी सकाळी सॉल्स्टिसला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाला, येतेस का. तिचा पेगन, म्हणजे जुने निसर्गदेव मानणाऱ्यांचा, ग्रुप नॉटिंगहॅमबाहेर एका टेकडीवर जमतो, सूर्य उगवताना बघतात, केक खातात, घरी येतात. दोन वर्षं एका घरात राहतोय, पहिल्यांदा बोलावलंय. म्हटलं, येते. मनात: लेखाला मटेरियल.
काय घालायचं ते विचारलं नाही. मला माहीतच होतं ना. झगे, शिंगं, कातडी वगैरे.

२१ डिसें., दुपार
आईची हिरवी पैठणी नेसून गेले. आत थर्मल्स. नथ. कपाळावर ही मोठी चंद्रकोर. इथे आल्यापासून टिकली लावून साधं दूध आणायलाही गेले नाहीये. डोक्यात होतं, ते त्यांच्या वेषात, मी माझ्या, भारी पीस होईल.
टेकडीवर सगळे वॉटरप्रूफ जॅकेटमध्ये. लोकरीच्या टोप्या, चिखलाचे बूट, थर्मास. खांद्यावरून सोडायचा बिनबाह्यांचा क्लोक एकच, केटचा. काळा, जाड, कडेला ठिगळ. शिंगं फक्त एका कुत्र्याला होती, तीही ख्रिसमसची.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एका रिटायर्ड सरांनी टोपी काढून विचारलं, "हे कपाळावरचं तुम्ही कोणासाठी लावता?" मी म्हटलं देवी, चंद्र, परंपरा. टिकल्यांच्या पाकिटावर 'पार्टी वेअर' लिहिलंय. त्यांनी मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं.
सूर्य दिसलाच नाही, ढग. तरी सगळे गप्प उभे. केटच्या डोळ्यांत पाणी. क्लोक तिच्या आईने शिवलाय, आई गेली, तेव्हापासून ती इथे येते. हे आज कळलं. मी त्याला मैत्रिणींशी व्हॉट्सॲपवर 'पडदा' म्हणत आले.

२१, संध्याकाळ
दुपारी बसस्टॉपचं लिहिलं नाही. लिहिते.
मी कुडकुडत होते. केटने क्लोक काढून माझ्या अंगावर टाकला. तेवढ्यात इथल्या मराठी मंडळाच्या शुभदाकाकू, खरेदीच्या पिशव्या घेऊन. आईची मैत्रीण. आज रात्रीच पुण्याला फोन जाणार.
"अगं, हे काय सोंग? आणि ही कोण? जादूटोणा वगैरे नाही ना?"
"छे हो काकू. फॅन्सी ड्रेस होता. हिचाच आहे हा."
आणि क्लोक काढून केटच्या हातात दिला. वर हसले.
वाक्य मराठी होतं. फॅन्सी ड्रेस मराठी नाही. केटने क्लोक घडी करून कुशीत धरला, अंगावर घातला नाही. एवढ्या थंडीत. घरापर्यंत.

२४ डिसें.
सॉरी म्हटलं. "इट्स फाइन." म्हणजे विषय बंद.
मग चहा ओतताना आपणहूनच बोलली. हॉस्पिटलच्या रिसेप्शनला ती गळ्यातला पाच टोकांचा तारा, पेगनांची खूण, युनिफॉर्मच्या आत ठेवते. तो बघून एका पेशंटने मागे दुसरी रिसेप्शनिस्ट मागितली होती. "बाहेरच्यांची सवय आहे मला," म्हणाली. दूध फ्रिजमध्ये ठेवलं.

३ जाने.
पीस लिहायला बसले. 'शिंगं फक्त एका कुत्र्याला होती.' चांगलं वाक्य आहे. खोडलं. परत लिहिलं. चांगलं आहे म्हणूनच जास्त टोचतं.

१० जाने.
शु.काकूंचा फोन. पुढच्या शनिवारी संक्रांतीचं हळदीकुंकू, कम्युनिटी हॉलमध्ये. "काळी साडी नेस. मैत्रिणींना आण. तुझी ती झगेवाली पण आण, जरा बघू तरी." खो खो हसल्या. मीही हसले. परत.
केटला सांगितलं, एरवी आमच्याकडे सणाला काळं चालत नाही, संक्रांतीला मुद्दाम घालतात, थंडी असते म्हणून. तुझा क्लोक एकदम बरोबर आहे. तिने धुतलेलाच चहाचा कप परत धुतला.
"तुझी आँटी असेल?"
"हो."
"बघते."

१७ जाने., निघताना, फोनवर टाइप करतेय
मी काळी चंद्रकळा नेसलेय. केट खाली आली. बेज कार्डिगन, राखाडी पँट, तारा कॉलरच्या आत. कामावर जाते तशी.
"हे चालेल ना? फॅन्सी ड्रेस वाटायला नको."
टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.
तिथे सगळ्या बायका काळ्यात असणार आणि ही एकटीच बेज. आणि काकू हॉलच्या दारात, हातात कुंकवाचा करंडा.
हुकवरून क्लोक काढला. जड आहे. विचारलं, तू नसशील घालत तर आज मी घालू का? नुसता तिथे पोचेपर्यंत नाही. तिथेही.
बस येईल आता. केट पायरीवर बसून वाकलीये. एकाच बुटाची लेस किती वेळ बांधतेय.