पहिल्या रांगेतली मधली खुर्ची

॥ श्री ॥

सेक्टर ५, भिलाई
दि. ४ ऑक्टोबर १९८८

सौ. कलावती वहिनींना शालिकरामाचा सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेनं इकडे सगळे बरे आहेत. रत्नमालेचे गुडघे थंडीच्या आधीच कुरकुरू लागले. रमा बारावीच्या अभ्यासाला लागली आहे असं ती स्वतः म्हणते. पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत कोणावर चिडू नये असं आई सांगायची, आणि सकाळचा हरिपाठ होईपर्यंत मी चिडतही नाही. त्यानंतर अरुणकुमार समोर येतो.

वहिनी, नोकरी लागल्यापासून या मुलाचे पाय जमिनीवर नाहीत. दुर्ग रोडवर आनंदनगरी नावाची नवी बाग उघडली आहे. मोठा पाळणा, रंगीत कारंजं, लहान मुलांची आगगाडी, असं सगळं. दसऱ्याला तिथे रावण जळणार आणि शिवकाशीची आतषबाजी होणार. मैदानात उभं राहून ती कोणालाही फुकट दिसेल. उतईकडच्या खेड्यांतले लोक तर सायकलींवर डबे बांधून येतीलच. पण बड्या लोकांसाठी दोराच्या आत गादीच्या खुर्च्या मांडणार आहेत. वेगळं फाटक, नाश्ता, थंड पेय. आमच्या इंजिनिअर साहेबांनी त्यातल्या पहिल्या रांगेतल्या सहा खुर्च्या घेतल्या. मधली खुर्ची मोठे बाबांची, हेही त्यानंच ठरवलं आणि परस्पर दादांना बोलावणं धाडलं.

पत्रकात छापलं आहे की पहिल्या रांगेत बसणाऱ्याला धमाका कानात नव्हे, थेट छातीत जाणवेल. हे त्यानं मला जेवताना हौसेनं वाचून दाखवलं. मी ताटावरून उठलो. म्हटलं, आपल्या घराला असली मजा झेपणारी नाही. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं नाही. दादांची गोष्ट मुलांपुढे काढायची नाही असं तुम्ही, आई आणि मी ठरवलं होतं, ते मी आजवर मोडलेलं नाही. त्यामुळे मुलाच्या लेखी मी खेड्यातला अडाणी, ज्याला गादीच्या खुर्चीवर बसायची लाज वाटते.

फाउंड्रीतल्या त्या दिवसाला सोळा वर्षं झाली. वितळलेल्या लोखंडाचं लॅडल, ते लांब दांड्यांचं भांडं, आम्ही दोघं भाऊ धरून नेत होतो, पुढचं टोक दादांचं, मागचं माझं. साच्यात ओल राहिली होती. लोखंड आत पडलं आणि सगळं उडालं. दादांचा डावा कान गेला, मानेपासून खांद्यापर्यंत कातडी गेली. मला खरचटलंही नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत गल्लीत पहिले सुतळी बॉम्ब फुटले तसे दादा उठून धानाच्या कोठीत जाऊन बसले, ते तुम्हीही पाहिलंत. दरवर्षी बसतात. म्हणून तर आपण गल्लीतल्या पोरांना आपल्या दारापुढे फटाके लावू दिले नाहीत, आपल्या मुलांच्या हाती फुलझडीही दिली नाही.

आता त्या माणसाला पहिल्या रांगेत बसवून छातीत धमाका ऐकवायचा? मी हे होऊ देणार नाही. तुम्ही त्यांना दसऱ्याला येऊ देऊ नका. हलका धान कापणीला आला आहे, तुमची कंबर धरली आहे, जे सुचेल ते सांगा. दिवाळी झाली की निवांत या. हे पत्र तुमच्या मथुरेकडून वाचून घ्या आणि चुलीत टाका. दादांना यातलं काही कळू नये.

माया आहे ती कमी होऊ देऊ नका, ही विनंती.

आपला दीर,
शालिकराम

॥ श्री ॥

पिंपळखुटी, ता. साकोली
दि. ८ ऑक्टोबर १९८८

चि. शालिकरामास अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीले लिहिलेलं पत्र पोचलं. मथुरा आता लाखनीले सासरी असते. वैशाखात तिचं लग्न झालं, मांडवात तूच सगळ्यांच्या पुढे होता, अन् तूच विसरला. घरात वाचता येणारा आता मी एकटा. कलावती चुलीपुढे बसली होती, मी खाटेवर. मी मोठ्यानं वाचत गेलो. दादांना यातलं काही कळू नये, हेही मोठ्यानंच वाचलं. तिनं मान खाली घालून विचारलं, पुढे काय लिहिलं जी. म्हटलं, पुढे चुलीत टाकायचं लिहिलं आहे.

टाकलं नाही. जपून ठेवलं आहे.

सोळा वर्षं, शालिक. मी समजत होतो का आपल्या घरी फटाके नाहीत ते आईच्या देवधर्मापायी. जीव मरतात, किडेमुंग्या जळतात, असं ती म्हणायची. आता समजलं का ते सगळं तुम्ही तिघांनी बसून रचलं. मी घरातला मोठा. नांगर धरून राहिलो, पोरीचं लग्न केलं, पंचायतीत बोलून राहिलो. अन् माझ्या पाठीमागे माझ्या घरात मी एक फुटका मडका होतो, ज्याले धक्का लागू द्यायचा नाही.

मथुरा लहान होती तवा दिवाळीत कुंपणाजवळ उभी राहून शेजारच्या धोंडबाच्या पोरांच्या फुलझड्या पाहात राहायची. बोलावलं तरी जायची नाही. मले वाटे पोरगी भित्री आहे. मी तिले भित्री म्हणून हसलो, चारचौघांत हसलो. तुमच्या शपथेत ती सहा वर्षांची पोरगीही होती, हे काल कलावतीनं सांगितलं. सांगताना ती रडली. मी तिले रडू दिलं. कधी नव्हे तो मले तिच्यावरही राग आला आहे, अन् तो अजून उतरला नाही.

तू मले घाबरट ठरवलं. ठीक. पण मी कोठीत कायले जातो, हे सोळा वर्षांत एकानं तरी तोंडावर विचारलं का? तू विचारलं?

अरुणनं खुर्ची मांडली, तू काढून घेतली. दोघांतला कोणता माझा, ते मले चांगलं समजलं. दसऱ्याले येतो का नाही ते आता सांगत नाही.

रत्नमाला अन् रमाले आशीर्वाद. तुझ्यासाठी या वेळी वर लिहिले तेवढे पुरे.

मारोतराव

॥ श्री ॥

सेक्टर ५, भिलाई
दि. १२ ऑक्टोबर १९८८

तीर्थरूप दादांच्या चरणी शालिकरामाचा शि. सा. न.

आपलं पत्र आलं. काल घट बसले, देवीपुढे दिवा लावला आणि त्याच उजेडात पत्र पुन्हा वाचलं. तुम्ही मोठे आहात, तुमच्यापुढे मी आवाज चढवलेला नाही, कागदावरही चढवू नये. पण दादा, तुम्ही रागावलात तसा मीही रागावलो आहे आणि ते लपवून साखरेचं पत्र लिहिणं मला जमणार नाही.

मी तुम्हाला घाबरट म्हटलं नाही. तो शब्द तुमचा. मी तुम्हाला त्या दिवशी जमिनीवर पडलेलं पाहिलं. तुम्ही स्वतःला पाहिलं नाहीत, मी पाहिलं. जो माणूस आपल्या भावाला तसं पाहतो, तो पुढे जन्मभर त्याच्यावर ऊनसुद्धा पडू देत नाही. यात मी कोणता गुन्हा केला? विचारलं नाही म्हणता. तुम्ही विचारायला जागा कधी ठेवलीत? हॉस्पिटलातून घरी आलात त्या दिवशीच तुम्ही हात वर करून सांगितलंत की आता हा विषय बंद. मी बंद केला. तुमचा शब्द पाळल्याबद्दल आज तुमच्याच शिव्या खातो आहे.

इकडे घराचं रणांगण झालं आहे. तुमचं पत्र अरुणकुमारनं वाचलं. मी टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो होतो, त्यानं उचललं. वडिलांचं पत्र वाचतो म्हणून मी बोललो, तर तो उलटून म्हणाला, “बाबा, मोठे बाबांच्या अंगावरचे डाग मी लहानपणापासून पाहतोय. मशीन लागलं एवढंच तुम्ही सांगितलं. मला बाहेरचा समजलात.” दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. रमाशी हिंदीत बोलतो, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. रत्नमाला त्याच्या बाजूची. तिचं म्हणणं, आपल्या घराला काय झेपेल हे मी एकटाच मोजत बसलो, ज्याला झेपायचं त्याला सोडून.

मी पास परत करायला बागेच्या फाटकावर गेलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, परिवारात कोणी आजारी आहे का. माझ्या तोंडून हो निघेना. तसाच परत आलो.

तेव्हा आता विचारतो. तोंडावर नाही, पण तुमच्या हाती पडेल अशा कागदावर. दिवाळीत कोठीत का बसता, दादा?

रागासकट मी तुमचाच आहे, एवढं धरून चालावं.

आपला,
शालिकराम

॥ श्री ॥

पिंपळखुटी
दि. १६ ऑक्टोबर १९८८

चि. शालिकरामास आशीर्वाद.

विचारलं म्हणून सांगतो.

त्या पहिल्या दिवाळीत बॉम्ब फुटला तवा मी वर पाहिलं. सगळ्याच गावाचं लक्ष तिकडं होतं. फक्त तुम्ही तिघं माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते. आई, कलावती अन् तू. दुसरा फुटला, पुन्हा तेच. जसा काही बॉम्ब माझ्या तोंडावरच फुटणार. मले ते सहन होईना. आवाज झाला सहन, तुमचे डोळे झाले नाहीत. म्हणून उठून कोठीत गेलो. तिथे चिवड्याचा डबा होता. शांततेनं खाल्ला. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, अन् मग दरसाल तुम्हीच माझ्यासाठी तिथे पोतं अंथरून ठेवू लागले.

डाव्या कानानं मले काही ऐकू येत नाही. उजव्यानं मले जे पाहिजे ते येते.

मी अन् कलावती दसऱ्याच्या आदल्या दिवशी पॅसेंजरनं दुर्गले उतरतो. अरुणले स्टेशनवर पाठव, तू येऊ नको. मधल्या खुर्चीवर मी बसणार आहे. आतषबाजी सुरू झाली का वर पाहायचं. माझ्याकडे पाहिलं तर तिथून उठून मैदानात उतईवाल्यांत जाऊन उभा राहीन, अन् रात्री तुझ्या घरी जेवणार नाही.

कलावतीचा निरोप: गादीच्या खुर्चीवर बसायले तिले लाज वाटते, खाली बसलं तर चालते का.

आशीर्वाद आहेत, पण अजून पूर्ण नाहीत.

मारोतराव

॥ श्री ॥

पिंपळखुटी
दि. २५ ऑक्टोबर १९८८

चि. शालिकरामास मारोतरावचे अनेक आशीर्वाद, या वेळी पूर्ण.

सुखरूप पोचलो. हलका धान कापून झाला. कलावती गावभर सांगत फिरून राहिली का तिनं मोठ्या लोकांच्या खुर्चीत बसून लाल सरबत पेलं. शेवटपर्यंत ती खुर्चीच्या पुढे जमिनीवर बसली होती ते मात्र सांगत नाही. मीही सांगितलं नाही.

स्टेशनवर अरुण माझ्या पाया पडला अन् उठेचना. त्याले मी दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं सांगितलं, लॅडल, ओला साचा, सगळं. तू झोपलेला होता. पोरगा ऐकून घेते. तू त्याले काही सांगत नाही म्हणून तो बोंबलते, नाहीतर तो बोंबलणारा नाही.

आता दसऱ्याच्या रात्रीचं. तिथे बोललो नाही, कारण पोरं होती अन् तू माझा लहान भाऊ आहेस. पण लिहिल्याशिवाय राहावत नाही, अन् थोडा राग अजून आहे.

पत्रकात खोटं लिहिलं नव्हतं. पहिला धमाका खरंच छातीत बसला. मी वर पाहिलं. एवढी हिरवी-लाल आग आभाळात मी कधी पाहिली नव्हती. मग मले वाटलं का तू माझ्याकडे पाहून राहिला असशील, म्हणून ठरलेला राग काढायले मी वळलो. तू माझ्याकडे पाहात नव्हता. तू वरही पाहात नव्हता. तुझे डोळे गच्च मिटलेले होते, ओठ हलत होते, अन् माझा दंड तू असा धरला होता का तो अजून काळानिळा आहे. शर्ट घामानं ओला. प्रत्येक धमाक्याले तू उडत होता. मले सोनं द्यायले तू मुठीत आपट्याची पानं घेतली होती. सगळं संपल्यावर तू माझ्या हातात सोनं ठेवलं तर तो नुसता हिरवा चुरा होता. मी तो खिशात टाकला. देव्हाऱ्यात ठेवला आहे.

तो साचा दोघांपुढे उडाला होता, शालिक. पुढचं टोक मी धरलं होतं, मागचं तू. माझं कातड्यावर दिसलं म्हणून सगळ्यांनी मलेच पाहिलं. तूही. तुझ्याकडे पाहायची आठवण कोणालेच झाली नाही. सोळा वर्षं आपल्या घरी फटाके बंद होते, ते कोणासाठी होते ते मले त्या खुर्चीत बसून समजलं.

अरुणनंही पाहिलं. परत येताना त्यानं हळूच विचारलं, बाबांले काय झालं होतं. म्हटलं, नामस्मरण करून राहिले होते, मधेच बोलायचं नसते. तो समजला. हुशार आहे.

दिवाळीले सगळ्यांनी इकडे या. मथुरा येणार आहे. तिच्यासाठी दुर्गहूनच फुलझड्या घेऊन आलो. बावीस वर्षांची बाई झाली, तरी घेऊन आलो. गल्लीतल्या पोरांलेही निरोप दिला का यंदा मारोतरावच्या दारापुढे खुशाल फोडा.

तुले बाहेर बसवत नसलं तर कोठी मोकळी आहे. पोतं अंथरून ठेवतो, चिवड्याचा डबा डाव्या हाताले असते. मी आत येऊन पाहणार नाही. अन् कोणाले काही लिहिणार नाही.

तुझा दादा,
मारोतराव