गुरुवारची शांतता

२३ जानेवारी, गुरुवार

पहिलाच दिवस आणि पुरता फसला!

सकाळी आठला आम्ही तिघं चाकणला हजर. उद्धवरावांचं प्रेस-शॉप. पत्रा दाबून गाड्यांच्या दारांचे भाग काढतात. गुरुवारी अख्ख्या पट्ट्यात सुट्टी, मशीन बंद, म्हणून मुद्दाम आजचा दिवस धरला. स्नेहल हरखून गेली होती. ती आमची आवाजवाली. पंखा फिरला तरी तिच्या कपाळाला आठी पडते. तिने वॉटर कूलर बंद केला, गुणगुणणारी ट्यूब काढली, वॉचमनला चपला काढून बसवला. मग हेडफोन लावून म्हणाली, "सोनं आहे सोनं."

त्या सोन्यासारख्या शांततेत रंगराव बसले. नवा शर्ट, गुळगुळीत दाढी, हात मांडीवर. आमच्या फिल्मचे हीरो. आसपासच्या कुठल्याही शेडमध्ये मशीन कुरकुरायला लागलं की इंजिनिअरच्या आधी ह्यांना बोलावणं जातं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवतात, मूठ स्वतःच्या जबड्याच्या हाडाला आणि डोळे मिटतात. बाकीचे मेकॅनिक मूठ कानाला लावतात. ह्यांची ढबच वेगळी. "डावीकडलं बेअरिंग. आठ दिस काढंल." नवव्या दिवशी ते बेअरिंग जातंच.

अठ्ठावीस फेब्रुवारीला ते रिटायर होतायत. त्याआधी हे सगळं त्यांच्या तोंडून आलं तर फिल्म, नाहीतर नुसतीच मशीनची चित्रं.

स्नेहलची ताकीद होती की माझा आवाज माइकात यायला नको. म्हणून मी हळूच विचारलं, "काका, मशीन ऐकायला कधी शिकलात?"

"एकोणीसशे नव्वदला रुजू झालो. मालकांचा आभारी हाय."

"मुलं किती तुम्हाला?"

"पस्तीस वर्षं."

निरंजन कॅमेऱ्यामागे हसला आणि कॅमेरा हलला. पाऊण तास हेच चाललं. सत्काराला उत्तर देतायत असं वाटत होतं.

२५ जानेवारी

थेरगावात लग्न. पोटापाण्याचं काम. निरंजनने ड्रोन उतरवला तो थेट जिलेबीच्या ताटाशेजारी. नवरीच्या वडलांना वाटलं, हे पॅकेजमध्येच आहे. खूश झाले बिचारे.

३० जानेवारी, गुरुवार

स्नेहलचं निदान — पत्र्याची शेड घुमते, त्याने माणूस बिचकतो. उपाय — गाद्या.

आमचं ऑफिस गादीच्या दुकानावर आहे, त्याचा फायदा आज पहिल्यांदा झाला. खालून आठ गाद्या उसन्या आणल्या, टेम्पोत घातल्या आणि रंगरावांच्या चारी बाजूंनी उभ्या केल्या. वॉचमन येऊन बघून गेला. "पेशंट हायत का?" म्हणाला.

आता तर टाचणी पडली तरी ऐकू येईल. मी आणखी हळू विचारलं, "काका, भीती कशाची वाटते तुम्हाला?"

ते छान हसले. "व्हय, व्हय. आत्ताच घेतला चहा."

परतीच्या वाटेवर मोशीला पोचल्यावर निरंजन म्हणाला, "माणूस भला आहे राव. पण बोलका नाही."

१ फेब्रुवारी

आज भांडण झालं. बरं झालं, एकदाचं बोलून टाकलं.

तीन वर्षं झाली 'तिसरी पाळी फिल्म्स'ची पाटी लावून. या तीन वर्षांत काय केलं? लग्नं. 'हेल्मेट घाला, सुरक्षित राहा' छापाच्या नऊ फिल्मा. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीचा गणपती, त्यात चेअरमन बाप्पापेक्षा जास्त वेळ दिसतात. स्वतःची म्हणावी अशी ही पहिली. शेवटी ठरलं की ही झाली नाही तर पाटी उतरवायची. 'स्टुडिओ' असं लिहून सरळ लग्नंच करायची. मी हो म्हणाले. माझ्या वडलांना, आप्पांना, अजून वाटतं की शूटिंग म्हणजे लग्नच. "आज कुणाचं?" असं रोज विचारतात. मला त्यांना एकदा तरी वेगळं उत्तर द्यायचंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझी युक्ती — प्रश्न कागदावर लिहून आधीच घरी पाठवले. विचार करून येतील म्हटलं. ते पाठ करून आले! "प्रश्न तिसरा. उत्तर." असं म्हणून खाकरायचे आणि सुरू. तोंडी परीक्षा घेतल्यासारखं झालं. दहापैकी दहा मार्क द्यावेत अशी उत्तरं, आणि फिल्मच्या कामाचं एक वाक्य नाही.

आता तीन गुरुवार उरले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहिताना हात थांबत नाहीये.

आज मुलाखत नव्हतीच. चालू मशीनची दृश्यं घ्यायला म्हणून गेलो. अडीचशे टनांचा प्रेस धाडधाड चालू, कॉम्प्रेसर वेगळा बोंबलतोय, पायाखालची फरशी थरथरतेय. स्नेहलने धड माइकसुद्धा आणला नव्हता. रंगराव प्रेसजवळ उभे होते. त्यांना जरा उजवीकडे सरका सांगायचं होतं, तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागलं. ते सरकले. मग सहज, गंमत म्हणून, तसंच ओरडून विचारलं, "काका! कधी चुकलात का हो?"

आणि माणूस सुटला!

म्हणाले, "चुकलो की. येकदा धा मिनटं ऐकलं आन् सांगितलं, ह्ये गियर चाललंय. दोन तास लाइन बंद ठिवली. समदं खोललं. आन् निघालं काय? ज्योतीरामच्या डब्याचं झाकान! मागं पडलं हुतं, ते वाजत हुतं. ज्योतीराम म्हनला, रंगराव, भाजी कंची हाय तेबी सांगा की आता."

चाळीस मिनिटं बोलले. पहिला पगार, पहिली रात्रपाळी, कुठल्या मशीनचा स्वभाव कसा. एक प्रेस लाडावलेला आहे म्हणे, सोमवारी कुरकुरतोच. मी ओरडत होते, ते बोलत होते. मधेच प्रेसवर हात ठेवून म्हणाले, "हितं बरं वाटतं. घरी गेलो की करमत न्हाई. समदं बंद पडल्यागत वाटतं."

स्नेहलने खिशातला छोटा रेकॉर्डर त्यांच्या कॉलरला लावला होता. ऐकलं आणि म्हणाली, "आवाज घाण आहे." मग जरा थांबून, "हाच वापरायचा."

तिच्या तोंडून हे वाक्य! मी तिला मिठी मारली. घसा पूर्ण बसलाय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज कुठंही गेलो नाही. घरात बसून विचार केला आणि कोडं सुटलं. सगळी चूक शांततेची होती! पस्तीस वर्षं गोंगाटात जगलेला माणूस, त्याला आम्ही उचलून गाद्यांमध्ये बसवला. फिल्मसाठी वाक्यही सुचलं —

'रंगरावांचं घर गोंगाटात आहे. शांततेत ते परके होतात.'

तीनदा मोठ्याने वाचलं. निरंजनला पाठवलं. त्याचं उत्तर — "तू लिहिलंस? मग पोस्टरवर टाक."

२० फेब्रुवारी

रोज चालू शिफ्टमध्ये शूटिंग. रोज ओरडणं. स्नेहल थर्मासमधून हळदीचं दूध आणते. काल डांगे चौकात चहा मागताना मी अशी ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या बाईने पोराला जवळ ओढलं.

२८ फेब्रुवारी

निरोप समारंभ. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. उद्धवराव बोलताना इतके हळवे झाले की शेवटी नुसते पुटपुटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग रंगरावांनीही वाजवल्या, स्वतःच्याच कौतुकाला. लोक खो खो हसले. ते बघून तेही हसले.

त्यांनी सगळ्या प्रेसवरून एकेक करून हात फिरवला. लाडावलेल्यापाशी जास्त थांबले. मी कॅमेऱ्यामागे उभी राहून डोळे पुसले. सगळं मिळालं आम्हाला, शेवटच्या दिवशीचंसुद्धा.

१९ एप्रिल

एडिटिंग. उकाडा. खाली कापूस पिंजण्याचं मशीन दिवसभर चालू. स्नेहल म्हणते, चालू दे, रंगरावांना आवडेल.

९ मे

फिल्म झाली. बावन्न मिनिटं!

आज कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दाखवली, जेवणाच्या सुट्टीत. डब्याच्या झाकणाला सगळे असे हसले की पुढची दोन वाक्यं बुडाली. ज्योतीराम उभा राहून नमस्कार करत होता. माझ्या वाक्याला उद्धवरावांनी चष्मा काढून पुसला. पुसलाच, मी पाहिलं.

रंगराव पहिल्या रांगेत बायकोशेजारी, इंदुताईंशेजारी बसले होते. ते सगळ्यांच्या मागून हसायचे. संपल्यावर मी समोर जाऊन उभी राहिले. बावन्न मिनिटांबद्दल काय म्हणतात याची मला धडधड. ते म्हणाले, "झ्याक. फोटू लई भारी आल्यात."

फोटू! चार महिन्यांच्या कामाला फोटू! जरा लागलंच मला. असो. पंधरा तारखेपर्यंत महोत्सवाला पाठवायची आहे. पहिल्यांदाच कुठेतरी पाठवतोय.

१२ मे

आज पेन ड्राइव्ह द्यायला रंगरावांच्या घरी गेले. ते गिरणीत दळण आणायला गेले होते. इंदुताईंनी टीव्हीवर फिल्म लावायला सांगितली. वही-पेन्सिल घेऊन बसल्या. "काय काय बोललेत ते लिवून घेते. त्यास्नी वाचाया."

"वाचायला कशाला? त्यांनी पाहिली की परवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून दार लोटलं.

"पोरी, त्यास्नी ऐकू येत न्हाई."

लहानपणी दोन्ही कान वाहायचे. कानांचे पडदे गेले. पस्तीस वर्षांत हे फक्त इंदुताईंना ठाऊक. "कारखान्यात समदेच वरडत्यात. वरडलेलं कळतं त्यास्नी. घरात, देवळात, लग्नात कायबी कळत न्हाई. आन् मशीनचं हाडातून येतं. म्हनून तर दांडा जबड्याला. कान गेलेला मानूस मशीन ऐकतोय म्हनल्यावर कोन ठिवील कामावर? कुनाला बोललो न्हाई आमी."

मग हसल्या. "तू तर काय, पुटपुटत हुतीस म्हनं. लई घाबरलं हुतं. म्हनले, पोरगी तोंड हलवती, कळत कायच न्हाई. आभार मानून टाकलं."

आठ गाद्या! वॉचमनच्या चपला! लाज वाटली, हसू आलं आणि रडूही आलं. इंदुताईंनी पदर पुढे केला. आणि माझं ते वाक्य, ज्याला उद्धवरावांनी चष्मा पुसला. घर गोंगाटात आहे म्हणे. त्या माणसाला फक्त तिथेच माणसांचं बोलणं ऐकू येत होतं.

१४ मे

तिघंही दिवसभर ऑफिसात. पाठवायची तर हे वाक्य खोटं. खरं सांगायचं तर गुपित त्यांचं, आपलं नाही — हे निरंजनचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. स्नेहलने फक्त हेडफोन खुंटीला टांगला.

ठरलं — माझं वाक्य काढायचं, बाकी आहे तशी पाठवायची. उद्या संध्याकाळी शेवटची मुदत.

१५ मे, गुरुवार

खालचं दुकान बंद, जिना शांत. सकाळी दहाला रंगराव वर आले, एकटेच. इंदुताईंनी सगळं सांगितलं होतं. हातात स्क्रू-ड्रायव्हर. टेबलावरच्या स्पीकरला टोक टेकवलं, मूठ जबड्याला, डोळे मिटले आणि हाताने खूण केली, चालू करा.

बावन्न मिनिटं तसेच उभे. झाकणापाशी हसले, या वेळी सगळ्यांच्या आधी. मी वाक्य अजून काढलेलं नव्हतं. ते आलं तशी त्यांची भुवई हलली.

"बाकी समदं बेस हाय," म्हणाले. "तेवढं येक बेअरिंग गेलंय. तुझं. आता मला कोन काढनार हाय कामावरनं? लाव क्यामेरा. समदं सांगतो. पन पोरी, जोरात इचार."

फिल्म पाठवली नाही. मुदत संध्याकाळी संपते, संपू दे. आप्पांचा फोन आला, "आज कुणाचं?" म्हटलं, "रंगरावांचं." स्नेहलने त्यांच्या कॉलरला माइक लावला, खिडकी सताड उघडली आणि मी ओरडून पहिला प्रश्न विचारला.