बाराव्या ट्रॅकवरचा सोलो

३ मार्च
अकरा वर्षं, नऊ माणसं, त्यात चार ड्रमर! कंपनी आमची पहिली रेकॉर्ड पुन्हा काढतेय. बँडमध्ये कोण कधी आलं, कधी गेलं, आता काय करतं, ते आतल्या पानासाठी मी लिहून द्यायचं. दुसरं कोण देणार? आमच्या गायकाला स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारावी लागते.

गायक — शाळेत गणित शिकवतो. ज्या घशाने छपरं हादरवली, त्याच घशाने आता पाढे. ड्रमर (दुसरा, रेकॉर्डवर हाच) — फरशी बसवतो. बेसवाला — लिफ्ट दुरुस्ती. मी — गिटार, पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत. आता अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेट्या, दुरुस्त करतो. दोन्ही विद्या कुणाच्या पाया न पडता मिळवलेल्या.

राहिला पाव्हणा. दुसरा गिटारवाला. अकरा आठवडेच टिकला म्हणून हे नाव. मीच काढला. हात जड! आता दातांचा डॉक्टर आहे. त्याच्यापुढे लिहिलं — 'सोलो वाजवून पाहिला, वापरला नाही.'

९ मार्च
कंपनीने जुन्या टेपचे ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याचं ध्वनिमुद्रण, वेगवेगळे करून पाठवले. टेपच्या खोक्याचा फोटोही. खोक्यावर पेन्सिलीने — ७ मास्तर, १२ पाव्हणा.

मास्तर म्हणजे मी.

तो सोलो दोघांनी एकेकदा वाजवला होता. सूर न् सूर मी बांधलेला. माझा चांगला झाला, तो ठेवला, आणि त्याच आठवड्यात पाव्हण्याला घरी बसवलं. अठ्ठावीस वर्षं हेच सांगत आलोय. लोक मला ओळखतात ते या चाळीस सेकंदांवरून.

सातवा लावला. दुसऱ्याच ओळीत बोट घसरलंय. बारावा लावला — रेकॉर्डवरचा!

जेवलो नाही.

१० मार्च
गायकाला फोन. मागे पोरांचा गलका. "अरे मास्तर, कोणाला आठवतंय? आपण तेव्हा तीन दिवस झोपलो नव्हतो!" मी म्हटलं, आठव. "आठवून काय करू? त्याचं निघालं तर तू मला छळणार, तुझं निघालं तर सगळ्या गावाला. शुक्रवारी छपाईला जायचंय ना? आहे तसं जाऊ दे."

ज्याने ती पेन्सिल चालवली तो रेकॉर्डिंगवाला कधीच वारला.

११ मार्च
ड्रमरकडे गेलो. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून फरशी ठोकत होता. दोन्ही ट्रॅक ऐकवले. त्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले. मला आशा वाटली.

"खरं सांगू? तुमच्या दोघांतला फरक मला तेव्हाही कळत नव्हता."

वर म्हणतो, जरा बाजूला हो, सिमेंट ओलं आहे.

१२ मार्च
दवाखान्यात तीनदा फोन. "डॉक्टर पेशंट बघतायत." "डॉक्टर जेवतायत." "डॉक्टर परिषदेला गेलेत, पंधरा दिवसांनी येतील. दाढ आहे का?"

दाढ नाही हो बाई!

१३ मार्च
बारावा ट्रॅक किती वेळा ऐकला, याची नोंद ठेवली नाही. मी नोंद ठेवली नाही! माझाच वाटतो. मग वाटतं, सूर माझे आहेत म्हणून माझा वाटतो. वरचा सूर ओढताना किंचित उशीर होतो — असा उशीर मी करतो का? गिटार घेऊन वाजवून पाहिलं. बोटं आता तिथवर नीट जातच नाहीत. विचारायचं कुणाला? बोटांनाही आठवेना.

बायको दारात उभी. "चाळीस सेकंदांचं केवढं रामायण! त्याला काढलंस ते काढलंस. आता त्याचं असेल तर देऊन टाक."

"आणि नसेल तर?"

"मग कशाला घाबरतोस?"

तिला काय सांगणार? असेल तर मी नुसताच खोटा नाही. ज्याने आम्हाला नाव मिळवून दिलं, त्याला मी 'हात जड' म्हणून हाकललं.

१४ मार्च. शुक्रवार
अकरा वाजता कंपनीतल्या बाईंना कळवलं. 'दुरुस्ती — सोलो: पाव्हणा.' खाली त्याचं पूर्ण नाव, अचूक. पुराव्याविरुद्ध कानाचं ऐकणारा मी नव्हे. खोक्यावर लिहिलंय ते लिहिलंय.

बाई म्हणाल्या, "बरं झालं वेळेत सांगितलंत."

१५ मार्च
दुकान उघडलं. बंद केलं.

२ एप्रिल
पाव्हण्याचा फोन. रेकॉर्ड मिळाली. "मास्तर, अरे बारावा तुझाच! तुला माझा अँप आवडला होता, मला खुर्चीवरून उठवलंस आणि तुझ्या अँपवर पाठवलंस. त्या खोक्यावर अँप कुणाचे ते लिहिलंय, माणसं नव्हे." मागून त्याची मुलगी कुणाला तरी ओरडून सांगत होती — आमच्या बाबांनी वाजवलाय हा!

मी म्हटलं, तुझी आठवण चुकतेय.