खोके सतरा ते एकतीस : हस्ताक्षर अज्ञात

मी, तरुलता बुजरबरुआ, कै. प्राध्यापक घनकांत बुजरबरुआ यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार जोरहाट, माझ्या पश्चात काय कोणाचे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात साखरेबद्दल दोन ओळी आहेत, त्या कोणी वाचू नयेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलगी रुणुमी हिने आणून पाहिले, पण ते टिकले नाही.

१. राहते घर रुणुमीला. मागचे लिंबाचे झाड तोडू नये. शेजारचे हजारिका कुंपणावरून हात घालून लिंबे नेतात आणि "वाऱ्यानं पडली" म्हणतात. नेऊ द्यावीत, पण दर वेळी खिडकीतून "आज वारा फार सुटलाय हो!" असे ओरडावे. हे काम मी वीस वर्षे एकदाही चुकवलेले नाही.

२. माग आणि सगळे मुगा रेशीम भाद्रेश्वरीला. तीस वर्षे माझा स्वयंपाक करता करता तिने माझ्या विणण्याला नावे ठेवली. आता स्वतः विणून दाखवावे.

३. लोखंडी पेटीतल्या नऊ वह्या. याचा खुलासा करणे भाग आहे.

आमच्याकडे लग्नात बायका वरपक्षाची टर उडवणारी गाणी म्हणतात, ती जोरा नाम. माझ्या यजमानांना ती जमवायची होती. पण ते वही काढून बसले की बायका पदर तोंडाशी धरून देवाचीच गाणी म्हणत. म्हणून ते अंगणात नवऱ्या मुलाच्या काकांबरोबर तामूल, म्हणजे पान-सुपारी, चघळत बसत आणि मी चुलीपाशी बसून लिहून घेई. चौदा वर्षांत चारशे बारा गाणी जमली. यजमानांनी प्रस्तावनेत माझे नाव घालायचे ठरवले होते. प्रस्तावना मात्र पहिल्या वाक्यातच राहिली, कारण ते वाक्य त्यांना कधीच पसंत पडले नाही.

ते गेल्यावर लुइतपार विद्यापीठाच्या ग्रंथालयातून अभिलेख विभागाचे नवकुमार काकती गाडी घेऊन आले. "बाईदेव, तुम्ही फक्त चहा द्या, बाकी आम्ही बघतो," म्हणाले. मी चहा दिला. त्यांनी शेहेचाळीस खोकी नेली. वर्षाने छापील सूची आली, तिच्यात वाचले : 'खोके १७ ते ३१. विवाहगीते. संकलक : प्रा. बुजरबरुआ. हस्ताक्षर : अज्ञात, बहुधा कारकून.'

मी दुसऱ्याच दिवशी विद्यापीठ गाठले. काकतींनी अर्ज भरून घेतला, माझे पेन काढून घेतले आणि शिसपेन्सिल दिली.

"हे अक्षर माझं आहे," मी म्हटले.

"पुरावा?"

"कागद द्या, आत्ता लिहून दाखवते."

"ते आजचं अक्षर झालं, बाईदेव. त्या काळचं पाहिजे."

"त्या काळचं तुमच्याकडे पंधरा खोकी भरून आहे!"

"पण ते अज्ञात आहे ना!"

माझे डोके फिरले. "कुठलंही गाणं काढा, नुसता आकडा सांगा," मी म्हटले. त्यांनी दोनशे सात काढले. मी डोळे मिटून ते म्हटले, तेही चालीवर. वाचनालयात शांततेची पाटी होती. सगळ्यांनी माना वर केल्या. काकती ओळीवर बोट ठेवून ऐकत होते. कागदावरचे गाणे संपले, तरी मी थांबले नाही.

"हे कडवं इथं नाही," ते म्हणाले.

"नसणारच. सासूबाई माझ्या वह्या वाचत. अशी कडवी मी वेगळी लिहून ठेवली आहेत."

काकती कानापर्यंत लाल झाले, पण ते कडवे त्यांनी उतरवून घेतले. "पुन्हा एकदा म्हणता?" असेही विचारले.

प्रकरण समितीकडे गेले. दोन वर्षांनी निर्णय आला : 'हस्ताक्षर : अज्ञात, बहुधा श्रीमती बुजरबरुआ.' काकती तो कागद घेऊन स्वतः आले आणि मान खाली घालून बसले. मी त्यांना चहा दिला.

सबब, वेगळ्या कडव्यांच्या या नऊ वह्या मी ग्रंथालयास देते, पण एका अटीवर. सूचीतून 'अज्ञात' आणि 'बहुधा' हे दोन्ही शब्द काढावेत आणि ज्या एकशे तीन बायकांनी मला गाणी सांगितली, त्यांची नावे गावासह छापावीत. नावे वह्यांत आहेत. वर्षभरात हे न झाल्यास वह्या भाद्रेश्वरीच्या. तिने कुलगुरूंच्या घरच्या पहिल्या लग्नात त्या गाव्यात.

४. यजमानांवर माझा राग नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले, "आपल्या लग्नात माझ्यावर रचलेलं गाणं म्हण ना." मी म्हटले. ते इतके हसले की परिचारिका धावत आली. ते गाणे मी कुठल्याच वहीत लिहिले नव्हते. हा दस्त नोंदणी होऊन सरकारी कपाटात राहील, म्हणून ते इथे लिहिते :

नवरा आला पंडित गं, भिंगं नाकावर जाड,
नवरी म्हणून हात धरला, निघालं केळीचं झाड!

रचना माझी. नवऱ्या मुलीने रचायची रीत नाही, म्हणून मैत्रिणींकडून म्हणवून घेतले. यजमानांना हे दवाखान्यातच कळले.

ठिकाण : जोरहाट. दिनांक : १४ मार्च २०१९.

सही : तरुलता बुजरबरुआ

लिहून ठेवणारीने आमच्या डोळ्यांदेखत सही केली, म्हणून आम्ही साक्ष देतो :
१. पद्मधर हजारिका, शेजारी. (लिंबांचा मजकूर वाचला. मान्य नाही. सही करतो.)
२. नवकुमार काकती, निवृत्त अभिलेखाधिकारी. (हे अक्षर मी ओळखतो.)