आक्काच्या खाटेवरचं ऊन

प्रिय आक्का,

तुझ्या ऐनाच्या झाडाविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. काल जेवून घरामागं तुझ्या खाटेवर लवंडलो, तर त्याच्या गच्च पानांतून बंद्या रुपयाएवढा एक कवडसा निघाला आणि नेमका माझ्या डाव्या डोळ्यावर येऊन बसला. एवढं रान, आणि भोक तिथंच? झोप गेली ती गेलीच. म्हणून लिहायला बसलो.

गेल्या वैशाखात ह्याच कवडशामागं तुझी खाट ओढत होतो ना गं! तेव्हा हा कुठं दडला होता?

डॉक्टर म्हणाले होते, छातीला ऊन द्या. मांडवीच्या समुद्रकाठी वाळूवर वाटेल तेवढं होतं. पण तू म्हणालीस, "माझ्यासारखीनं चारचौघांत उघडं पडायचं? तुला लेखाला विषय हवाय होय रे मेल्या?" मग राहिलं घरामागचं रान. तिथं आडोसा होता, ऊन नव्हतं.

मार्गशीर्षात शेजारचा शेतकरी सोनू कोयता घेऊन आला. पेरणीआधी भाताच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजायला तो दरसाल ऐनाच्या फांद्या छाटून नेई. मला आनंदच झाला. फांद्या गेल्या की ऊन थेट तुझ्यावर! तू आडवी आलीस.

"मला भादरलंत तेवढं पुरे. त्याला हात लावायचा नाही."

"मग मी राब कशाचा भाजू, आक्का?"

"पानं गळली की पातेरा देईन. दोन भारे."

जगाची टर उडवणारा मी, पण विधवेचं ते लाल आलवण आणि तुझं बोडकं डोकं पाहिलं नि सोनूला परत धाडलं.

फाल्गुनात ऐन निष्पर्ण झाला. ऊन धो धो खाली आलं, तुझ्या गालांवर रंग चढला. मला वाटलं, जिंकलो!

मग पालवी आली. तू वर बघत म्हणालीस, "वरची पानं पहिल्या पंगतीला. मधल्यांना उरलंसुरलं. मला भांड्याला लागलेलं." हसलीस, आणि खोकतच राहिलीस.

ऊन आधी चादरीएवढं होतं, मग रुमालाएवढं झालं, मग नुसते ठिपके. खाट ठिपक्यापाशी नेईतो ठिपका पुढं. शेवटी मीच कोयता आणला. तू नुसती नाही म्हणून मान हलवलीस. इतकी का गं हट्टी? ते झाड तुझं कोण लागत होतं?

असो. मी असेतो ऐनाला कोयता लागणार नाही.

तू गेलीस त्या गडबडीत सोनूचा पातेरा राहून गेला होता. त्यानं मागितलाही नाही. आज सकाळी झाडाखालचा झाडून गोळा केला आणि त्याच्या वाफ्यावर टाकून आलो.

"कुणी धाडलान?" त्यानं विचारलं.

"आक्कानं," म्हटलं.

तुझा,
बंडू